पहिलीचं माहेर

हिंमतरावांच्या घरात कधी पाट लागला नव्हता. ही गोष्ट ते जेवायच्या आधी सांगत, जेवण झाल्यावर सांगत, आणि ऐकणारा कुणी नसला तर बैलांना सांगत. विधवा बाईनं दुसरा नवरा करायचा म्हणजे पाट. तो लोकांच्या घरात लागतो, आपल्या नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तेरणेच्या काठाला, माकणीच्या अलीकडं त्यांचं गाव. गावातली निम्म्याहून जास्त घरं एकाच आडनावाची, एकाच कुळातली. त्यामुळं एकाच्या घरात खुट्ट झालं की सगळी भाऊकी कान टवकारायची, आणि भाऊकीचं तोंड आजवर कुणाला धरता आलंय?

महायुद्धाचे दिवस होते. हैदराबादेत निजाम, उस्मानाबादेत त्याचा तालुकदार, आणि खेड्यापाड्यांत पटकी. त्या पटकीत हिंमतरावांचा जावई गेला आणि सतरा वर्षांची गजरा पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली. आईबापानं हौसेनं नाव ठेवलं गजरा, आणि आता तिच्या केसांत फूल घालायची चोरी. सासरच्यांनी जाताना सुनावलं होतं, की पोरगी पायगुणाची वाईट, नवऱ्याला खाल्लं. ते तिनं ऐकलं ते ऐकलंच. दोन वर्षांत तिचं हसणं कुणी पाहिलं नव्हतं.

मग जळकोटचा ज्ञानोबा आला. हिंमतरावांची म्हातारी आत्या धुरपदाबाई जळकोटला दिलेली, तिच्या शेजारचा हा गडी. लग्न न झालेला, शेतीवाडी बेताची, बोलणं त्याहून बेताचं. आत्याकडं गेलेल्या गजराला त्यानं पाहिलं होतं. मध्यस्थ नाही, काही नाही, स्वतः ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, की आखितीपर्यंत वाट बघतो, तुमचा हुकूम झाला तर गजराबाईला सन्मानानं नेतो. हिंमतराव लाल झाले. त्या वेळी ओट्यावर नरसिंगराव बसले होते, भाऊकीतले सगळ्यांत थोरले आणि सगळ्यांत तिखट. त्यांच्यासमोर हिंमतरावांनी ज्ञानोबाला वाटेला लावलं.

हिंमतरावांचा धाकटा भाऊ बब्रुवान हे सगळं दारात उभा राहून ऐकत होता. बब्रुवान उमरग्याला उर्दू मदरशात चार बुकं शिकलेला, मोडीही वाचायचा. पण घरात त्याचं चालायचं नाही, कारण धाकटा तो धाकटाच. संध्याकाळी गजरा गोठ्यात शेण भरत होती, तिथं तो गेला आणि तिला विचारलं, तुझ्या मनात काय आहे. तिनं पाटी खाली ठेवली.

"तात्या, म्या हितं रोज थोडी थोडी संपायले," ती म्हणाली. "कुणाला दिसंना, इतकंच."

तो तसाच भावासमोर जाऊन उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा वर तोंड करून बोलला. हिंमतरावांनाही लेक काही परकी नव्हती. पोरीचं सुकलेलं तोंड बघून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, पण इज्जत नावाचं भूत एकदा मानेवर बसलं की घास काय आणि लेक काय.

"वरच्या सात पिढ्यांत आपल्या घरात एक पाट दाखव, बब्रू," ते म्हणाले. "एक दाखव. मंग भाऊकी गेली उडत, म्या सोता पोरीचा मांडव घालतो."

त्यांना वाटलं, विषय संपला. बब्रुवानानं मात्र तो शब्द गाठीला बांधला.

सुगी झाली की गावात हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ राखणारा. बैलावर बसून यायचा, अंगणात कानडी हेल काढून घराच्या सात पिढ्या म्हणून दाखवायचा, मधल्या काळातली लग्नं-बारशी-मरणं विचारून वहीत चढवायचा आणि सुपभर जोंधळा घेऊन पुढच्या घरी. आळंदकडचा वीरप्पा हेळवी आपल्या बापाआज्याच्या वह्या बैलाच्या पाठीवर लादून याच गावांत फिरायचा. त्या साली तो आला, तेव्हा बब्रुवान त्याला वेशीवरच आडवा गेला आणि घरी घेऊन आला.

अंगणात घोंगडी अंथरली. हिंमतराव खांबाला टेकून बसले, माजघराच्या दाराआड गजरा उभी राहिली. वीरप्पानं वही उघडली आणि म्हणायला सुरुवात केली. मूळपुरुष, त्याची बायको, तिचं माहेर. त्याचा मुलगा, त्याची बायको, तिचं माहेर. एकेक नाव उतरत होतं आणि प्रत्येक नावाला घरच्यांनी 'व्हय' म्हणायचा रिवाज. कुठं पाट नाही, कुठं डाग नाही. हिंमतरावांचे आजोबा सटवाजी आले. सटवाजीची लग्नं दोन. पहिली बायको, माहेर गावातच. दुसरी विठाबाई. मग विठाबाईची लेकरं, आणि मग हिंमतरावांचा बाप.

हिंमतरावांनी एक मोठा श्वास सोडला. आजोबांची पहिली बायको वारली असणार, दुसरी केली असणार. पुरुषाचं दुसरं लग्न म्हणजे काही पाट नव्हे. सात पिढ्या गंगाजळासारख्या निघाल्या होत्या. पण जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. त्यांनी दाराकडं पाहिलं नाही. दाराआडची पावलं तेवढी, बांगड्यांच्या आवाजाशिवाय, आत गेलेली बब्रुवानानं ऐकली.

बब्रुवान एका जागी अडकला होता. त्यानं वीरप्पाला तेवढंच पान पुन्हा वाचायला लावलं. पहिली बायको, माहेर गावातच. आता हे कसं व्हावं? गावातली आपल्या जातीची सगळी घरं म्हणजे भाऊकी. भाऊकीतली मुलगी म्हणजे बहीण. गावातली बायको करणारा माणूस या गावात दुसऱ्या दिवशी राहिलाच नसता. आणि तिचं नावही वहीत नव्हतं.

"बाकीच्यांच्या म्होरं मेल्याचं साल हाय," बब्रुवान म्हणाला. "हिच्या म्होरं न्हाय. ही मेली कवा?"

वीरप्पानं वही उन्हाकडं धरली, मान हलवली. "आमच्या आज्याचं अक्षर हाय हे, गौडा. घरवाला जे सांगल ते आमी लिवतो. सटवाजी गौडानं लग्नं दोन म्हनलं, आज्यानं दोन लिवली. मेली म्हनलं न्हाय, म्हून मेली लिवली न्हाय."

हिंमतराव उठता उठता म्हणाले, की लिहिणाऱ्याची चूक असेल. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात ते काय उगाच. वीरप्पा गावातल्या बाकी घरांच्या वह्या चढवायला निघाला. मारुतीच्या देवळात त्याचा मुक्काम होता.

चूक असेल. पण कसली चूक? बब्रुवानाला ती न मेलेली बाई झोपू देईना. त्यानं देवघरात जाऊन टाक पाहिले. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा चांदीचा टाक करून पुजायचा, ही साधी रीत. सवतीला देवात बसवल्याशिवाय कुणी सुखानं नांदत नाही. देवघरात खंडोबा होता, तुळजाभवानी होती, पितर होते. सवत नव्हती. मग त्यानं वहिनीला विचारलं, की पितरपाटात अहेवपणी गेलेल्या बायांचं पान आपण अविधवा नवमीला वाढतो, त्यात आजोबांच्या पहिल्या बायकोचं वाढतो का. वहिनीनं बोटावर नावं मोजली आणि म्हणाली, असं पान तिनं सासूला कधी वाढताना बघितलं नाही. म्हणजे वहीत नाव नाही, मरणाचं साल नाही, देवात टाक नाही, पितरांत पान नाही. अशी एक बाई या घरात लग्न होऊन आली होती, आणि दोन पिढ्यांत कुणाला तिची आठवण झाली नव्हती. सटवाजींना ओळखणारं एकच माणूस जिवंत होतं. त्यानं गाडी जुंपली आणि जळकोटचा रस्ता धरला.

धुरपदाबाई ही सटवाजी-विठाबाईची शेंडेफळ. ऐंशीच्या घरातली, दात सगळे गेलेले, कान मात्र शाबूत. भाच्यानं गाडी सोडून पाया पडून विचारलं, की आत्या, तुमच्या बापाची पहिली बायको कोण, तेव्हा तिनं हातातली वात तशीच धरली.

"तुला दाखवली की लहानपणी," ती म्हणाली. "खालच्या रानात, बांधावर. तिची पानं तोडू नका म्हणून आई वरडायची बग."

खालच्या रानाच्या बांधावर होतं काय, तर एक रुईचं झाड. मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ लागते, ती पानं गावभरातून तोडायचे, त्या झाडाची तेवढी नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

मग आत्यानं सांगायला सुरुवात केली. तिची आई विठाबाई उमरग्याकडची. सोळाव्या वर्षी विधवा झालेली. सटवाजी तेव्हा बिनलग्नाचे, गाड्या घेऊन त्या बाजूला जायचे. त्यांनी तिच्याशी पाट लावायचं ठरवलं. पण जुन्या लोकांचा एक कायदा होता. बिनलग्नाच्या गड्यानं विधवेशी सरळ पाट लावायचा नाही. आधी त्यानं रुईशी लग्न करायचं. रुईला हळद लावायची, हिरवी चोळी बांधायची, मधे अंतरपाट धरायचा, तांदूळ टाकायचे. मग कुऱ्हाडीनं ती तोडायची. तोडली की बायको मेली, गडी विधुर झाला, आता विधुरानं विधवा करायला हरकत नाही. आणि बाईच्या मेलेल्या नवऱ्याचा जो काही कोप असेल तो रुईवर गेला, असंही समजायचं.

म्हणजे आजी पाटाची होती. त्याला जे हवं होतं ते हातात आलं होतं. पण आत्या थांबली नाही, आणि ती पुढं जे बोलली त्यानं त्याला गजराचाही क्षणभर विसर पडला.

खालच्या रानात रुईशी लग्न लागलं, आत्या म्हणाली. संध्याकाळची वेळ. पाटाची बाई लांब बाभळीखाली तोंड झाकून बसवलेली; अशा बाईचं तोंड बघू नये म्हणतात. सटवाजींच्या हातात कुऱ्हाड दिली. त्यांनी ती उचलली, तेवढ्यात विठाबाई बाभळीखालून उठली आणि सगळ्या पुरुषांच्या देखत चालत येऊन रुईच्या पुढं उभी राहिली.

"काय म्हणाली म्हाईत हाय?" आत्याचा आवाज बारीक झाला. "म्हणाली, माज्यापायी एक गेला म्हणत्यात. आता माज्यापायी कुणी मरायचं न्हाय. हिला जिती ठेवा. ही थोरली, म्या धाकटी म्हणून नांदीन."

बब्रुवानाला ती सोळा वर्षांची पोरगी डोळ्यांपुढं दिसली. जगानं अपशकुनी ठरवलेली, तोंड दाखवायची बंदी असलेली, आणि एका रानटी झुडपाचा जीव वाचवायला कुऱ्हाडीसमोर उभी राहिलेली. आपल्या अंगात तिचं रक्त आहे, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. देवळात जाऊन कधी हात जोडावेसे वाटले नव्हते इतके त्याला त्या क्षणी वाटले.

सटवाजींनी कुऱ्हाड खाली टाकली. जाणती माणसं कुरकुरली, पण नवरदेवच ऐकेना. पुढं जन्मभर दर संक्रांतीला विठाबाई आधी रुईला बांगड्या आणि चोळी देऊन यायची आणि मग स्वतः बांगड्या भरायची. हेळवी आला तेव्हा सटवाजींनी त्याला लग्नं दोनच सांगितली, कारण दोनच झाली होती. पहिलीचं माहेर गावातच, कारण ती गावच्याच मातीतली. मेली म्हणून सांगितली नाही, कारण ती मेली नव्हती. त्यात एक शब्द खोटा नव्हता. नातवंडांनी मात्र तिची बाई केली, आणि बाई केली म्हणून आजीचा पाट कुणाला दिसला नाही.

बब्रुवानानं विचारलं, हे तुम्ही आजवर सांगितलं का नाही. आत्यानं वात निरांजनात घातली.

"न इचारता सांगितलं तर म्हातारी बरळती म्हणत्यात, लेकरा. आन् माजं सासर कुळीचं. ज्यांची भीती व्हती ती समदी गेली आता. म्या वाटच बघत व्हते, घरातलं कोण इचारायला येतंय."

दुसऱ्या दिवशी तो आत्याला गाडीत बसवून घेऊन आला. वाटेत खालच्या रानाशी तिनं गाडी थांबवायला लावली. बांधावर रुई होती. बुंधा मांडीएवढा जाड, जुन्या खोडाशेजारी नव्या फांद्या फुटलेल्या, पांढरी-जांभळी फुलं. आत्या बांध चढली, पदर डोक्यावर ओढला आणि थोरल्या आईच्या पाया पडावं तशी वाकली. बब्रुवानानं पायतणं काढली.

घरी आत्यानं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हिंमतरावांना. ते खांबाला टेकून ऐकत होते. आजीचं बाभळीखालून उठणं आलं तेव्हा त्यांची मान खाली गेली आणि नंतर वर आली नाही. आत्याचं बोलणं संपल्यावर बब्रुवान भीत भीत म्हणाला, की दादा, तुमीच म्हणला व्हता, एक दाखव. हिंमतराव उठून बाहेर गेले. ते रानाकडं गेल्याचं नंतर गड्यानं सांगितलं. बब्रुवानाला वाटलं, आता ते कुऱ्हाड घेऊन गेले की काय. रागीट माणसाचा काय भरवसा. पण ते रिकाम्या हातानं गेले होते आणि परत आले ते वीरप्पाला आणि सगळ्या भाऊकीला बोलावणं धाडूनच.

उन्हं कलायच्या आत अंगण भरलं. नरसिंगराव मधल्या घोंगडीवर, मिशीला पीळ देत. हिंमतरावांनी वीरप्पाला आपल्या घराची वंशावळ म्हणायला सांगितली. कशाला, ते कुणाला कळेना. वीरप्पा म्हणत गेला, लोक 'व्हय' म्हणत गेले. सटवाजींच्या दोन लग्नांशी तो आला तेव्हा हिंमतरावांनी हात वर केला आणि उभे राहिले.

"पयली रुई," ते म्हणाले. "खालच्या रानातली. दुसरी विठाबाई, पाटाची. म्या पाटाच्या बाईचा नातू हाय. आजपातूर ठाऊक नव्हतं, आज ठाऊक झालं. ज्याला माज्या पंगतीला बसायचं न्हाय त्यानं आताच सांगावं."

सगळे नरसिंगरावांकडं बघू लागले. नरसिंगरावांचा हात मिशीवरच थांबला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशाला, असलं काही तरी ते बोलणार, असं बब्रुवानाला वाटलं. पण ते हिंमतरावांकडं बघतच नव्हते. त्यांची नजर वहीवर होती.

"वीरप्पा," ते सावकाश म्हणाले, "आमच्या आज्याचं पान काढ."

वीरप्पानं पानं उलटली. नरसिंगरावांचे आजोबा, लग्नं दोन. पहिली, माहेर गावातच, लग्नादिवशीच वारली. दुसरी, माहेर अमुक. नरसिंगरावांच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगायचे, की आज्याची पहिली नवरी बोहल्यावरच साप चावून मेली. त्या सापाची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. नरसिंगरावांनी डोळे मिटले.

"आमच्या देवात बी तिचा टाक न्हाय," ते म्हणाले. "म्या बापाला इचारलं व्हतं एकदा. बापानं कानाखाली वाजवली."

मग मागून कुणी तरी म्हणालं, आमचं बी काढ. वीरप्पानं काढलं. पहिली, माहेर गावातच, लग्नादिवशीच वारली. आणखी एकानं विचारलं. वीरप्पाचाच आवाज कापायला लागला. आज्याच्या हातचं इतकी वर्षं तो म्हणत आला होता आणि आपण काय म्हणतोय हे त्याला आज कळत होतं. ज्या गावात कधी पाट लागला नाही म्हणून मिशा पिळल्या जात होत्या, त्या गावात घरोघरी मातीच्याच चुली निघाल्या. एका दिवसाच्या किती नवऱ्या, सगळ्या बांधावर तुटून पडलेल्या, आणि त्यांच्याआड किती विठाबाया, तोंड झाकून आलेल्या आणि लेकरंबाळं वाढवून गेलेल्या. अंगणातला एकेक बाप्या त्यांच्याच पोटचा होता. बब्रुवान त्या तोंडांकडं बघत राहिला. इतकी वर्षं ओळखीची असलेली माणसं त्याला पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाटली, आणि कुणाला हसावं की कुणाच्या पाया पडावं हे त्याला कळेना.

नरसिंगराव उठले. जाताना हिंमतरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की जळकोटच्या पोराला निरोप धाडा, आणि रात्री पाट लावून पोरीला अंधारातच वाटेला लावा, म्हणजे रीत पण राहील. पाट अंधारातच लागतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"न्हाय," हिंमतराव म्हणाले. "अंधारात लागला म्हणून तर माजी आजी वहीत हारवली. माज्या लेकीचा दिवसा लागंल."

माजघराचं दार उघडलं. दोन वर्षांत भाऊकीसमोर न आलेली गजरा उंबऱ्यावर उभी होती. तिचा बापावर विश्वास बसत नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"दिवसा म्हंजी कवा, आबा?" तिनं विचारलं.

हिंमतरावांनी सगळ्या भाऊकीदेखत लेकीकडं पाहिलं.

"भर दुपारी, पोरी. समद्यांना तुजं तोंड दिसंल असं."